तांबोशीचं स्वप्न आणि मिस आयडलिनची तारीख

माझ्या स्वप्नात मासे आले की गावातल्या बायका एकमेकींच्या पोटाकडे बघायला लागतात. आमच्या या जमैकाच्या किनाऱ्यावर माशाचं स्वप्न म्हणजे कुणीतरी पोटुशी, यात शंका घ्यायची पद्धत नाही. प्रश्न एवढाच, की कोण. मी व्हर्टी, शिलाईवाली. माझी स्वप्नं खोटी ठरत नाहीत, आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही.

शंका घेते ती एकटी मिस आयडलिन. तिचं औषधाचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. उंच, हडकुळी, चष्मा कायम डोळ्यांवर, त्याची दोरी गळ्यात. स्वप्नाची बातमी फुटली की ती गर्भाच्या टेस्टचे खोके फळीवरून काढून काउंटरखाली ठेवते. मागायला येईल तिला आधी विचारते, "पाळी चुकली का?" चुकली नसेल तर खोका मिळतो, पण कागदी पिशवीवर पेन्सिलीनं तारीख घालून. "याच्या आधी उघडायचा नाही. सकाळची पहिली लघवी. नाही आलं आणि पाळीही नाही आली, तर आठवड्यानं पुन्हा." बायका चिडतात. कारण आमच्याकडे स्वप्न पडलं त्याच दिवशी उत्तर हवं असतं. "मासा व्हर्टीच्या झोपेत पोहतो," ती माझ्यादेखत म्हणते, "त्याला तुझ्या पोटातलं काय कळतंय?" यावरून मी तिच्याशी दोनदा अबोला धरलेला आहे.

त्या ऑक्टोबरातलं स्वप्न मला अजून दिसतं. समुद्र माझ्या दुकानात आला होता, जराही आवाज न करता. कापडाचे तागे सुटून पाण्यात हलत होते आणि त्यांच्यामधून एक तांबोशी मासळी सावकाश येत होती, पहाटेच्या रंगाची. शिलाईयंत्राला तिनं एक फेरी घातली आणि माझ्या मांडीवरच्या झग्यात येऊन विसावली. झगा केटुराचा होता.

केटुरा अडतीस वर्षांची. नवरा लेबर्ट बाहेरच्या बेटांवर मासेमारीला जातो, महिना महिना तिकडेच. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात मूल नाही. मी गप्प बसायला हवं होतं, पण मला ते जमत नाही. सकाळीच तिला सगळं सांगितलं.

"लाल होती? नक्की, मिस व्हर्टी?" तिनं एवढंच विचारलं. मग आयडलिनचे प्रश्न टाळायला ती बसनं शहरात गेली, टेस्ट आणली आणि दुपारीच करून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी झगा द्यायला गेले तर तिचं स्वयंपाकघर कडूजार वासानं भरलेलं. चुलीवर मोठं भांडं आणि त्यात रानकारल्याचा वेल उकळत होता.

"एकच रेघ आली," केटुरा माझ्याकडे न बघता म्हणाली. "आत काही नाही. अकरा वर्षांचं साचलंय, ते धुऊन काढते. तीन दिवस, रिकाम्या पोटी."

पोट धुवायला हा काढा आमच्या आया घेत आल्या, आज्या घेत आल्या. पण दिवस गेलेल्या बाईला तो कुणी देत नाही. "निवू दे आधी," म्हणून मी जी धावत सुटले ती थेट औषधाच्या दुकानात.

आयडलिननं भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं. लोकांना वाटलं, कुणी गेलं. केटुराच्या घरात शिरून तिनं आधी भांड्यावर झाकण ठेवलं.

"लेबर्टची बोट कधी आली, कधी गेली?"

"आठ तारखेला आली. बाराला गेली."

"आणि पाळी?"

"सव्वीसला यायला हवी. माझी चुकत नाही कधी."

"आज एकवीस. बाई गं, तू बी पेरून लगेच माती उकरून बघतेयस. गर्भ राहिला तरी त्याला कूस धरायला आठवडा जातो, कधी दहा दिवस. त्यानंतर त्याची खूण लघवीत उतरते. कालची टेस्ट नाही म्हणाली, कारण तिला कळायचीच वेळ झालेली नाही."

"म्हणजे असेल?"

"खोटं नाही सांगणार. अंडं एक दिवस टिकतं, पण पुरुषाचं बीज चार-पाच दिवस वाट बघत थांबतं. तुमचे दिवस नेमके पडलेत. तरी विशीतल्या पोरीलाही चार महिन्यांतून एखाद्या महिन्यात लागतं. तू अडतीसची, तुझं त्याहून कमी. पण कमी म्हणजे नाहीच, असं नाही."

"आईच्या वेळी कुणी तारखा मोजल्या? काढा घेतल्यावरच तिच्या पोटी मी राहिले, असं ती सांगायची."

आयडलिननं चष्मा काढला. एवढ्या वर्षांत मी तिचे डोळे असे उघडे पाहिले नव्हते.

"मी सत्तावीसची होते," ती म्हणाली. "मलाही धीर नव्हता. लवकर तपासलं, नाही आलं. आईनं हाच वेल उकळला. चौथ्या दिवशी सगळं गेलं, आणि काय गेलं ते मला डॉक्टरनं सांगितलं. काढ्यानं गेलं की जायचंच होतं, ते त्यालाही सांगता आलं नाही. मला आजही माहीत नाही. हा प्रश्न तुला जन्मभर उशाशी घेऊन झोपायचाय का, पोरी?"

केटुरानं फडक्यानं भांडं उचललं आणि मागच्या दारी नेऊन ओतलं.

मग वाट बघणं सुरू झालं. आयडलिननं पिशवीवर तारीख घातली, दोन नोव्हेंबर. बोट गेल्याला तेव्हा तीन आठवडे होत होते. केटुरा रोज माझ्याकडे येऊन स्टुलावर बसायची आणि यंत्राची टकटक ऐकत राहायची. सव्वीस तारीख गेली. सत्तावीसही गेली. तिचा चालण्याचा वेगसुद्धा कमी झाला, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. मी दुपारी मुद्दाम झोपून बघितलं, पण एक बोंबील स्वप्नात येईल तर शपथ. मला खरंच भीती वाटत होती. मी बोलले नसते तर ते भांडं चुलीवर चढलंच नसतं.

दोन तारखेला दुकानं उघडायच्या आधीच ती अनवाणी आली. रुमालातली पट्टी तिनं रिकाम्या खोक्यासकट आयडलिनच्या हातात दिली. मला दुसरी रेघ दिसेना. आयडलिननं पट्टी खिडकीशी धरली आणि पुष्कळ वेळ बघितली.

"फिकी आहे," ती म्हणाली. "पण फिकी रेघही रेघच. दवाखान्यात जाऊन नाव घाल. आणि इतक्यात गावभर करू नकोस."

केटुरा हसली, रडली, आणि वायरलेसवरून लेबर्टला निरोप धाडायला थेट किनाऱ्याकडे निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत.

माझा मासा खरा ठरला, हे मला आयडलिनला ऐकवायचं होतं. वळले तर ती काउंटरमागे खाली बसली होती. पट्टीचा रिकामा खोका दोन्ही हातांत धरून.

"व्हर्टी, माझं मूल कुठल्या महिन्यात झालं असतं, ते मला आजवर कुणी विचारलं नाही."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं.

"फेब्रुवारीत," ती म्हणाली. "येत्या फेब्रुवारीत बत्तिसावं लागेल तिला."