तपासणाऱ्याचा रकाना

कुठलीही गोष्ट दोन माणसांनी पाहिल्याशिवाय खरी होत नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. शारजात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये त्यांना नावाने फारसं कुणी ओळखत नसे. माझी बायको त्यांना ‘समोरचे’ म्हणायची, मुलं ‘काका’ म्हणायची आणि मुलांचं ऐकून मीही काकाच म्हणायला लागलो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. तिथल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी दोन रकाने असत. एकात मोजणाऱ्याची सही, दुसऱ्यात ‘चेक्ड बाय’, म्हणजे तपासणाऱ्याची. हे दोन रकाने त्यांच्या अंगात इतके भिनले होते, की बाहेर पडताना गॅस बंद केला तरी ते काकूंना हाक मारत, “अगं, जरा बघून जा.” काकू येऊन बघत, “बंद आहे” म्हणत आणि मगच दोघं लिफ्टकडे जात. दिवाळीला मुलीसाठी अमेरिकेत चकल्या धाडल्या तेव्हा डब्यावर बॅच नंबर होता आणि ‘चेक्ड बाय’समोर माझी सही होती. ती मी चार चकल्या खाऊन प्रामाणिकपणे केली होती.

मुलगी म्हणजे अनघा. इथेच वाढलेली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. ती अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावात, लहानशा लुथरन विद्यापीठात शिकायला गेली आणि काकांनीही घरबसल्या तिथे नाव घातलं, असंच म्हणायला हवं. लुथरन म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक पंथ, हे आधी त्यांना ठाऊक नव्हतं. महिनाभरात ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला समजावून सांगू लागले. तिथली साप्ताहिक प्रार्थना ऑनलाइन दिसायची आणि तेव्हा आपल्याकडे दिवेलागणीची वेळ असायची. काका आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसत. काकू शेजारीच देवापुढे निरांजन लावत आणि दोन्हीकडचं एकदमच उरकून घेत. तिथल्या मेसमध्ये काय शिजलं, कुठल्या म्हातारीच्या अंगणातला बर्फ मुलांनी मिळून उपसला, हे काकांना अनघाच्या आधी कळे. प्राध्यापक अख्ख्या वर्गाला घरी सूप प्यायला बोलावतात, याचं तर त्यांना अपार कौतुक. “आम्ही आमच्या सरांच्या घरी एकदाच गेलो, जर्नलवर सही घ्यायला,” ते सांगत. “ती त्यांनी दारातच दिली हो!”

शेवटच्या वर्षाच्या आधी अनघाला संशोधनाचा प्रकल्प मिळाला. तिच्या गावात थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते वाहत तळ्यात जातं. तळ्याचं पाणी किती खारट होतं, हे तिने वर्षभर मोजायचं होतं. फोनवर ती बोलता बोलता म्हणाली, “बाबा, युअर लगून इज सो सॉल्टी, वुड बी फन टू कंपेअर.” पोरगी गमतीत म्हणाली. काकांनी ती वर्क ऑर्डर समजून दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजायचं यंत्र मागवलं आणि माझी तपासनीस म्हणून नेमणूक केली. दर शनिवारी सकाळी सात वाजता ते आमची बेल वाजवत. एकदाच. मग आम्ही खालिद लगूनच्या, म्हणजे टॉवरजवळच्या खाडीच्या, कठड्याशी जाऊन दोरीला बाटली बांधून पाण्यात सोडत असू. उन्हाळ्यात त्या दमट हवेत बाहेर पाऊल टाकताच आमचे चष्मे धुरकटायचे आणि रीडिंग घेण्याआधी दोघांना चष्मे पुसावे लागायचे. पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाल्याने हटकलं, “भाईसाब, यहाँ मछली पकडना मना है.” काकांनी त्याला तळं, मीठ, बर्फ, लुथरन असं सगळं सांगितलं. पाऊण तास. पुढच्या शनिवारी तो लांबूनच हात करून म्हणाला, “यल्ला साब, चलो, आप करो.”

ऑगस्टचा घाम मी निभावून नेला. हरलो तो डिसेंबरात. शारजाची हवा अशी गोड झाली होती, की शनिवारी सकाळी पांघरुणातून पाय बाहेर काढवेना. एका शुक्रवारी मी काकांकडून कोरे तक्ते मागून घेतले, चपलांच्या कपाटावर ठेवून पंधरा-वीस सह्या ठोकल्या आणि म्हटलं, “काका, सीझनचं काम खलास!” ते कागद नीट जुळवून घेऊन गेले. शनिवारी सातला बेल वाजली. एकदाच. मी ऐकली आणि कूस बदलली. पुढच्या शनिवारीही वाजली. अशा तेरा शनिवारी ती वाजली आणि मी तेरा वेळा कूस बदलली. आता हे लिहितानाही मला लाज वाटते.

मार्चमध्ये काका हातात फोन घेऊन जवळजवळ धावतच आमच्याकडे आले. अनघाच्या प्राध्यापकांनी स्वतः मेल लिहिली होती. आकडे फार नेटके आहेत, विद्यापीठाच्या संशोधन दिवशी अनघाच्या पोस्टरवर एक कोपरा शारजाला देऊ, तिच्या नावाखाली तुमचंही नाव छापू. फक्त प्रत्येक रीडिंगच्या वेळी दोघं हजर होतात, एवढं कळवा. काका ती मेल आधी सिक्युरिटीवाल्याला दाखवून आले होते. त्यांनी फाइल उघडली. थंडीतले तेरा तक्ते त्यांच्या अक्षरात भरलेले होते आणि प्रत्येकातला ‘चेक्ड बाय’चा रकाना कोरा होता. मी सह्या केलेले कागद फाइलच्या शेवटी जसेच्या तसे पडले होते.

“काका, आकडे त्या कागदांवर उतरवून काढा ना,” मी म्हटलं. “कोणाला कळणार आहे?”

“रीडिंग उतरवता येईल हो,” ते म्हणाले. “पण तुम्ही तिथे नव्हतात ना.”

रागाने नाही. कारखान्यात एखादा डबा बाजूला काढून ठेवावा तसं म्हणाले. मग तिथेच बसून त्यांनी उत्तर लिहिलं: तेरा वेळा दुसरा माणूस हजर नव्हता, त्याला बोलावण्यात मी कमी पडलो. मी कमी पडलो! बेल वाजवणारा माणूस हे लिहीत होता आणि कूस बदलणारा समोर बसून चहा पीत होता. प्राध्यापकांचं उत्तर फार सौजन्याचं आलं. पण मीठ पडतं ते थंडीतच, ते महिनेच नसतील तर तुलना उभी राहत नाही.

संशोधन दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसलो. अनघा पोस्टरपाशी उभी राहून छान बोलली. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात, शारजाच्या जागी, गोठलेल्या तळ्याचा फोटो होता. काकांनी चष्मा पुसून तो कोपरा बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाले, “प्रिंटिंग चांगलं आलंय, नाही?” मी “हो” म्हटलं. माफी मागायची ती वेळ होती. मी मागितली नाही, काकूंकडे आणखी चिवडा मागितला.

जूनमध्ये काका रिटायर झाले. नोकरी संपली की व्हिसाही संपतो, त्यामुळे महिन्याभरात सामान बांधून ते चिंचवडला गेले. जाताना ते यंत्र आणि उरलेले तक्ते मला देऊन गेले. पुढच्या शनिवारी बेल वाजली नाही, तरी मला सातला जाग आली. मी एकटाच लगूनवर गेलो. “दूसरे साब नहीं आए?” सिक्युरिटीवाल्याने विचारलं. मी मान हलवली, बाटली सोडली, रीडिंग घेतलं आणि सही करून तक्त्याचा फोटो काकांना पाठवला. खाली हिय्या करून लिहिलं, “काका, त्या तेरा शनिवारी मी जागा होतो.”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: “माहीत होतं. दाराखालून दिवा दिसायचा. दुसरा रकाना मोकळा ठेवा, मी आलो की सही करीन, इन्शाल्ला.”

ते येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. दर शनिवारी मी एक तक्ता भरतो आणि तो रकाना मोकळा ठेवतो.