औषध हरलं, मी नाही

"हिच्या तोंडाचा वास घे," डॉक्टर नर्सला म्हणाले.

नर्स घुटमळली. मग जवळ आली. मी तोंड उघडलं. सांगितलं म्हणून उघडलं. तिनं नाक पुढं केलं आणि नकारार्थी मान हलवली. वास कुठून येणार? मी दारू कधी चाखलेलीसुद्धा नाही.

हुबळीच्या देशपांडे नगरातला दवाखाना. मला हेपॅटायटिस सी आहे. लिव्हर आतून खराब करणारा आजार. बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा. गोळ्यांचा सगळा कोर्स केला. नंतर रक्त तपासलं तर विषाणू होता तिथंच.

"गोळ्या टाकून दिल्यास तू."

"न्हाई साहेब. रोज खाल्ल्या."

"मग पीत असशील. तुमच्यात बायकाही पितात."

तुमच्यात. माझं आडनाव वाचलं तेव्हापासून हा शब्द त्यांच्या ओठांवर होता.

थोरली बहीण, अक्का, सोबत होती. ती म्हणाली, "साहेब, मी माझ्या हातानं देत होते. भाकरी खाल्ली की गोळी."

"तुला कुणी विचारलं?"

मग नर्सकडे वळून कन्नडमध्ये, "ई मंदी हिंगऽ." ही माणसं अशीच. जणू मला कन्नड कळत नाही. आमचं गाव अळणावरजवळ. तिथं आम्ही निम्मं भांडण कन्नडमध्येच करतो.

"दुसरं औषध कडक असतं. हिला देऊन वाया घालवायचं नाही. जा."

आम्ही गेलो. कोप्पीकर रोडवरून चालताना अक्का रडत होती. मला रडू आलं नाही. रागही नाही. अंग दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. धारवाडची बस आली, चढले. बस थांबली, उतरले.

पुढचे महिने तसेच गेले. धारवाडात सुभाष रोडवर शिंप्याच्या दुकानात मी ब्लाउज शिवते. मशीन चालायचं, पाय चालायचा. मी कुठंच नव्हते. हळूहळू मलाच वाटू लागलं, एखादी गोळी चुकली असेल. साहेब शिकलेले. ते उगाच म्हणतील का?

हा आजार भांड्यातून, जेवणातून पसरत नाही, हे मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी मी माझा पेला वेगळा केला. कट्ट्यावरून उचलला आणि मोरीपाशी ठेवला.

माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आई, पेला तिथं ठेवायला तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही.

माझी आई गावच्या गौडांच्या, म्हणजे पाटलांच्या घरी राबायची. तिचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात. चहा वरून ओतायचे. पिऊन, धुऊन पुन्हा कोनाड्यात. ते गौडांनी केलं होतं. हे मी केलं. माझ्याच घरात, माझ्याच हातानं.

मी पेला मोरीपासून उचलला आणि पुन्हा कट्ट्यावर ठेवला.

सकाळी दुकानात रजा सांगितली आणि सरकारी इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट पाहिले. म्हणाल्या, "काही जणांना पहिलं औषध लागू पडत नाही. त्यात तुमची चूक नाही. दुसरं औषध आहे, ते सुरू करू."

एवढंच. एवढं बोलायला त्या माणसाची जीभ झिजली असती?

तिथून मी थेट हुबळीला, देशपांडे नगरातल्या त्या दवाखान्यात गेले. बाहेर पेशंट भरलेले. डॉक्टर दारात आले.

"साहेब, तुम्ही मला खोटारडी म्हणालात."

"इथं तमाशा नको."

"बहिणीदेखत नर्सला माझं तोंड हुंगायला लावलंत, तो तमाशा नव्हता? मी सगळ्या गोळ्या खाल्ल्या. औषध हरलं. मी नाही."

मग तेच कन्नडमध्ये सांगितलं. बाकावरच्या सगळ्यांना कळावं म्हणून. एक म्हातारा खाली बघू लागला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. माफी मागितली नाही. मी ती मागायला गेलेच नव्हते.

परतताना हलकं वाटलं, असं नाही. अंग तसंच बधिर.

आता दुसरं औषध चालू आहे. त्यानं अंगातलं रक्त कमी झालंय. जिना चढताना धाप लागते, मशीनवर डोळे मिटतात. विषाणू जाईलच, असं डॉक्टरीणबाई छातीठोक सांगत नाहीत. नाही गेला तर पुढचा इलाज मागेन. तो नाकारला तर का नाकारला ते विचारेन, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलणार नाही. मरायचंच असेल तर आजारानं मरेन. कुणाच्या शब्दानं नाही.