वजनावर घेतलेला मॉनिटर

पाठीवर टाकून न्यायचा मॉनिटर मी वजनावर घेतला, आणि दोघांत जो जड होता तो घेतला.

आता हे कसं झालं ते सांगतो. मी वाळूजच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. तिथं मी पुठ्ठ्याचे खोके खरेदी करतो. लहान खोके, मोठे खोके, कधी मधले. पण आमच्या भावकीच्या लेखी खरेदी विभागातला माणूस म्हणजे जगातली कुठलीही वस्तू पारखणारा. त्यामुळं कुणाला कूलर घ्यायचा असो की विहिरीवरची मोटर, फोन मला येतो. आणि मला कळत नाही असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. त्याला कारण आहे. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं. आम्हा दोन भावांत मला शाळेत घातलं आणि धाकट्याला मेंढरांमागं धाडलं. थोरलं पोरगं डोक्यानं तल्लख निघालं म्हणून आबांनी, म्हणजे वडिलांनी, असं केलं, हे मी लग्नापासून बायकोला आणि पुढं पोरांनाही सांगत आलोय. तल्लख माणसानं मॉनिटरपुढं हात टेकायचे म्हणजे फारच झालं.

मॉनिटर हवा होता पुतणीला. धाकट्याची ही मुलगी खुलताबादहून रोज एसटीनं घाट उतरून शहरात यायची आणि मशीनच्या सुट्या भागांची चित्रं कम्प्युटरवर काढायला शिकायची. कोर्स संपत आला तसं चितेगावच्या एका कारखान्यानं तिला चाचणीला बोलावलं. आपला लॅपटॉप आणा, आम्ही देऊ तो नमुना बघून चित्र काढून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. जागा एकच होती. ती हुकली तर नोकरी शोधायला पुण्याला जावं लागणार, आणि तिला पुण्याला पाठवायला तिच्याशिवाय घरात कुणीच राजी नव्हतं.

तिचा लॅपटॉप लहान. अर्ध्या पडद्यावर नमुना आणि अर्ध्यावर चित्र मांडलं की दोन्हीकडं मुंग्या फिरल्यासारखं दिसायचं. ती मला म्हणाली, "तात्या, जोडीला एक पडदा असता तर लई सोपं गेलं असतं. पाठीवर नेता येतो तसला मिळतो आता."

मी म्हटलं, मी बघतो. तो आपल्या तिघांच्या कामाचा होईल असं मी मनात ठरवूनही टाकलं. तिचा अभ्यास होईल, मी दौऱ्यावर निघालो की लॉजवर मला खोक्यांचे तक्ते मोठे दिसतील, आणि माझ्या मुलालाही कधीमधी बारावीचे व्हिडिओ बघता येतील.

मग बघायला बसलो आणि बघतच राहिलो. आधी पडद्याचे इंच निघाले. मी कंपनीतल्या सवयीनं पुठ्ठा घेतला, पट्टी लावली, सोळा इंच रुंद असा तुकडा कापला आणि पुतणीच्या दप्तरात घालून बघितला. मावेना. दप्तर नवं घ्यावं लागेल असा निर्णय मी दिला. तेव्हा माझ्या मुलानं जाता जाता सांगितलं की पडद्याचे इंच तिरपे मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आयुष्यभर खोके घेतले, कुणी मला तिरपा खोका विकला नाही. असं का मोजतात ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर उजेडाचं माप निघालं. कुणी म्हणे इतका उजेड पुरे, कुणी म्हणे खिडकीपाशी बसलात तर पडद्यात तुमचंच तोंड दिसेल. मग पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो ते. मी माझ्या टीव्हीकडं डोळे फाडून बघितलं, तो ताजा होताना काही दिसला नाही. मग चकचकीत की खरखरीत. मग लॅपटॉपची भोकं. माझ्या लॅपटॉपला शेजारीशेजारी दोन भोकं आहेत, जुळ्या भावांसारखी, आणि त्यांतल्या एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून फक्त वीज येते, असं एका व्हिडिओतला माणूस हसतमुखानं सांगत होता. कुठलं कुठलं ते मात्र त्यानं तुमच्यावर सोडलं होतं. रोज एक व्हिडिओ बघायचा आणि कालचं ठरलेलं मोडायचं, असं चाललं. पुतणी अधूनमधून विचारायची. मी म्हणायचो, अभ्यास चालू आहे. तीही तिकडं त्या लहान पडद्यावर मुकाट्यानं सराव करत होती.

चाचणी तोंडावर आली तेव्हा तिला घेऊन पैठण गेटच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदारानं दोन मॉनिटर काउंटरवर ठेवले. एक पापडासारखा पातळ. दुसरा त्याहून मोठा, पाठीला काळं पत्र्याचं स्टँड असलेला. दोन्ही लावून दाखवले. दोन्हीवर तेच फूल उमललं आणि त्याच मासोळ्या पोहल्या. मला फरक दिसेना. तो म्हणाला, "साहब, अपने काम के हिसाब से देख लो." माझ्या कामाचा हिसाब म्हणजे खोके. डोक्यात सगळ्या व्हिडिओंचा काला झालेला, पुतणी माझ्याकडं बघतेय, दुकानदार माझ्याकडं बघतोय.

अशा वेळी रक्तात असतं ते वर येतं. आबा बाजारात मेंढरू कसं घेतात ते मी लहानपणापासून बघितलंय. ते किंमत विचारत नाहीत. आधी दात बघतात, मग पाठीच्या कण्यावरून पंजा फिरवतात, आणि शेवटी पोटाखालून दोन्ही हात घालून जनावर उचलतात. उचलून क्षणभर डोळे मिटतात. मग एक तर खाली ठेवून पुढं जातात नाही तर व्यवहाराला बसतात.

मी डोळे मिटले आणि दोन्ही हातांवर दोन मॉनिटर घेतले. मग हात बदलून घेतले. दुकानदार म्हणाला, "तराजू मँगाऊँ क्या?" मी लक्ष दिलं नाही. पातळ होता त्याचा भारच लागेना. दुसरा हातात भरला. असा भरला की मनगट खाली गेलं. एवढं वजन आहे म्हणजे आत काहीतरी आहे, निदान बॅटरी तरी दांडगी असणार, हा हिशेब मी तिथल्या तिथं केला.

पुतणी हळूच म्हणाली, "तात्या, पाठीवर मला न्यायचाय."

मी तिला समजावलं की हलक्या मालात दम नसतो, घ्यायची तर टिकाऊ वस्तू घ्यावी. मॉनिटर घेतला आणि येताना मीच उचलला. स्कूटरपाशी येईपर्यंत खांदा उतरला, पण तो टिकाऊपणाचा पुरावा आहे असं मी धरून चाललो.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडं मुक्कामाला आली. संध्याकाळी सगळं जोडून बघितलं. एका पडद्यावर नमुना, दुसऱ्यावर चित्र, झकास. जेवणानंतर मी मॉनिटरची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवली, सकाळपर्यंत चांगला भरू दे म्हणून. सकाळी ती आवरत होती तेवढ्यात मी दप्तर उचलून बघितलं. पाठीवर घेऊन पट्टे आवळले तशी कमरेला कळ आली. ही पोरगी हे घेऊन स्कूटरवर मागं बसणार, पैठण रोडचे सगळे गतिरोधक सोसणार. मला तिची दया आली. मी दप्तर उघडलं आणि मॉनिटरचा जाड काळा अडॅप्टर काढून कपाटावर ठेवला. सकाळपर्यंत भरलेला मॉनिटर, त्याला चार्जर कशाला हवा? तेवढाच भार कमी. तिला सांगायचंही माझ्या मनात आलं नाही. मायेनं केलेलं काम कोण सांगत बसतं?

चितेगावला पोचलो. ती आत गेली, मी गेटजवळच्या बाकावर बसलो. वॉचमन माझा ओळखीचा होईपर्यंत ती परत बाहेर आली. धावत नव्हती, पण चालत होती असंही म्हणवेना.

"तात्या, अडॅप्टर कुठंय?"

"घरी आहे."

"का?"

"अगं, रात्रभर चार्ज केलाय ना त्याला."

ती माझ्याकडं बघत राहिली. वॉचमनही बघत राहिला.

"तात्या, त्यात बॅटरी नाय," ती म्हणाली, आणि वळून आत गेली.

मी बाकावर बसून विचार करत राहिलो. बॅटरी नाही तर मग मी भरत काय होतो? आणि बॅटरी नाही तर एवढं वजन कशाचं? घरी जाऊन अडॅप्टर आणायचा तर चाचणी उरकून जाईल. पातळ मॉनिटर लॅपटॉपच्याच वायरवर चालला असता, हे दुकानदार तेव्हा बोलला होता, तेही आत्ता आठवलं. तो बोलत होता तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. डोळे मिटले की कानही का मिटतात, कोण जाणे. एवढं खरं की पोरगी पुण्याला गेली असती तर ती माझ्या हातानं गेली असती, आणि धाकट्याला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

आत काय झालं ते तिनं येताना स्कूटरवर सांगितलं. मॉनिटर एकदा लुकलुकला आणि मिटला. तिनं तो बाजूला सरकवला, लहान पडद्याचे दोन भाग केले आणि रोजच्यासारखं काम सुरू केलं. माझा अभ्यास चालू होता तेवढे दिवस तिनं त्या मुंग्यांवरच हात बसवला होता. चित्राची एक बाजू काढायची राहिली, तसं तिनं स्वतःच चाचणी घेणाऱ्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी त्या काळ्या पडद्याकडं बोट करून हे काय आहे म्हणून विचारलं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काकांचं हाय म्हनलं."

पुढच्या आठवड्यात तिला कारखान्यातून बोलावणं आलं. तिला घेतलं होतं. तिथं तिच्या टेबलावर कारखान्याचेच दोन मोठे पडदे आहेत. आमचा मॉनिटर खुलताबादला धाकट्याच्या घरी आहे. एकदा नेला, परत आणायला कुणी धजलं नाही. कपाटावर चढवून ठेवलाय, अडॅप्टर कायमचा लावलेला. ती सुट्टीच्या दिवशी त्यावर पुढच्या कोर्सचे धडे बघते. पाठीवर न्यायची वस्तू घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा घट्ट एका जागी बसलीय.

मध्ये एका रविवारी आम्ही सगळे तिकडं गेलो. जेवणं झाली, आबा ओसरीवर टेकून बसले होते, समोर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं बसलेली. माझ्या बायकोनं सगळ्यांदेखत मॉनिटरचा किस्सा काढला, चितेगावच्या बाकासकट. हसणं आवरलं तसं मी माझी बाजू मांडली. म्हटलं, आबा, हसायचं तर हसा, पण मी काही वाऱ्यावर घेतला नव्हता. तुम्ही मेंढरू उचलून बघता, तसाच उचलून बघितला होता. तुमचीच रीत.

आबांनी तो आणायला सांगितला. धाकट्यानं उतरवून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पाठीमागच्या पत्र्यावरून पंजा फिरवला, खालून हात घालून उचलला, डोळे मिटले आणि परत खाली ठेवला.

"वजन कशाचं हाय ह्येच्यात?"

"स्टँडचं," पुतणी म्हणाली. "नुसता पत्राय आबा."

आबांनी मान डोलावली. मग माझ्याकडं न बघता, वाघरीकडं बघत म्हणाले, "तुला हुशार म्हनून शाळंत घातलं नव्हतं रं. बाजारात नेलं की मीठ चारून पानी पाजून फुगवलेलं मेंढरू असायचं ना, दरवेळी नेमकं त्येलाच मिठी मारून उभा ऱ्हायचास. मंग म्हनलं, ह्याला शाळंत घाला, नायतर कळप बुडवंल."