किल्लीताईच्या न झालेल्या सह्या

३ फेब्रुवारी २०१४ रोजी आमच्या संस्थेच्या खात्यात ८६,४५० रुपये जमा झाले. परदेशात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय युवा स्वयंसेवक परिषदेला एकाला पाठवण्यासाठी ते आले होते. अट एकच, वय तिशीच्या आत. आमच्या किल्लीताईला ऑगस्टमध्ये तीस वर्षे पूर्ण होणार होती.

संस्था दोन खोल्यांची. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करायचे, हे काम. मी खजिनदार, आणि स्वयंसेवकांच्या हजेरीचे रजिस्टरही माझ्याकडेच. संस्थेची किल्ली जिच्याकडे ती किल्लीताई, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दुकान दहाला उघडे, म्हणून ती पावणेसातला येऊन संस्थेचे कुलूप काढी, खिडक्यांच्या फटींत कापड कोंबी आणि रस्ता जागा होण्याआधी वाचायला बसे. भूमितीची आकृती ती अशी सांगे की ऐकणाऱ्याचे बोट आपोआप टेबलावर फिरू लागे. सहा वर्षे हे चालले होते.

रजिस्टर मात्र माझ्या कपाटात. मी साडेआठला येई तेव्हा ती आतल्या खोलीत असे, दारावर ध्वनिमुद्रण चालू असल्याचा लाल दिवा. साडेनऊला पळतच बाहेर पडे. सही राहून जाई. एकदा तिने विचारले होते, "काका, रजिस्टर बाहेर टेबलावर ठेवाल का?"

"रजिस्टर म्हणजे काय वर्तमानपत्र आहे, कुणीही चाळायला?" मी म्हणालो. ती हसली. पुन्हा तिने विचारले नाही.

वर्षभरात ज्याचे तास जास्त त्याला परिषदेला पाठवायचे, असे ठरले. सह्यांवरून मी बेरीज केली. माझी मुलगीही स्वयंसेवक, तिचे २१२ तास, किल्लीताईचे ४१, तेही सुट्टीच्या दिवशी थांबली म्हणून. खरे धरले असते तर सहाशेच्या वर गेले असते.

सभेत अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, तिचं तर इथं बिऱ्हाडच आहे! एकेचाळीस कसे?"

"रजिस्टरमध्ये आहे ते वाचलं."

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हणालो. माझी मुलगी जाणार होती आणि मला ते हवे होते.

किल्लीताईने तोंड पाडले नाही. उलट माझ्या मुलीला बसवून तिचे भाषण पक्के करून घेतले. "अगं, मध्ये श्वास घे. तुझा माइक घेऊन कुणी पळत नाहीये."

परिषदेच्या तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आकृती आवाजात कशी सांगायची, ते तिला सगळ्यांसमोर करून दाखवायचे होते. "बाबा, मला नाही जमणार. ताईला बोलवा ना."

किल्लीताई दुकानातून अर्धा दिवस रजा टाकून आली. ती इकडून सांगत गेली, मुलगी तिकडे भाषांतर करत गेली. शेवटी पलीकडे टाळ्या झाल्या. तिने फोन माझ्या हातात दिला. "ऐका काका, लेकीचं कौतुक चाललंय."

मुलगी परतली ती घुश्शातच. बॅग दारात टाकून म्हणाली, "सगळे विचारत होते, तो आवाज कोणाचा, ती स्वतः का नाही आली? काय सांगणार होते मी? तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी संस्थेत गेलो. किल्लीताई खिडकीत कापड कोंबत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "त्या दिवशी सभेत मी बोलायला हवं होतं."

"मी बाहेरच्याच खोलीत होते, काका," ती मागे न वळता म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं." मग हात मागे केला. "ते दुसरं कापड द्या. ट्रक सुरू झाले की काही करता येत नाही."

मी कापड दिले.

रजिस्टर आता बाहेर टेबलावर असते. ऑगस्ट उलटला. पुढच्या परिषदेला तिचे नाव देता येणार नाही. त्या फोनच्या दिवशी दुकानाने तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला, १६५ रुपये. ते मी तिला अजून दिलेले नाहीत.