जिनातल्या नऊ म्हाताऱ्या

मले आवाज काढता येतात, हे माहं एकुलतं एक क्वालिफिकेशन. डिग्री आहे, पण ते घरच्याईच्या समाधानासाठी. राजापेठेतल्या एका ट्युशन क्लासमंधी मी ॲडमिशनच्या टेबलावर बसतो. वर चार सर शिकवून राहिले असले, का खाली मी त्याईचे चारही आवाज काढून पालकाईले डेमो देतो. पालक खूश होतात. सर होत नाहीत.

गाव माहं शेंदूरजनाघाट, म्हणजे संत्र्याचा मुलूख. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जो गाढवपणा झाला त्याचं अर्धं खापर मी गावावर फोडणार आहे.

झालं असं, का एका गॅदरिंगमंधी मी अकोल्याच्या एका इतिहासाच्या सराची नक्कल केली. खोकला, चष्मा वर ढकलणं, अन् दर वाक्यात ‘म्हणजेच’. पोट्टे लोळून राहिले होते. एवढे काहून लोळून राहिले, हे मले मागं पाह्यल्यावर समजलं. सर दरवाज्यात उभे होते.

मी पाया पडाले वाकलो, तं सर म्हणाले, “खोकला बरोबर जमला. पण मी ‘म्हणजेच’ इतक्या वेळा म्हणतो?”

“याच्याहून जास्त म्हणता सर. मी कमी केलं.”

सरानं मले कामाले लावलं. अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या जिनाच्या हापिसात त्याईले जुन्या फोटोच्या काचेच्या निगेटिव्ह सापडल्या होत्या. जिन म्हणजे कापसातून सरकी येगळी करायचा कारखाना. भूतबित नोहे, मीही आधी तेच समजलो होतो. त्या काचांचे मोठे फोटो करून सर तीन दिवसाचं प्रदर्शन लावणार होते.

“अमेरिकेत सोनं सापडलं की माळरानावर गाव उभं राहायचं,” सर म्हणाले. “इथे कापसाने तेच केलं. म्हणजेच, रेल्वे आली, गाठी बांधायचे प्रेस आले, त्यांच्यामागे शिंपी आला, हॉटेलवाला आला आणि फोटोग्राफरही आला. पण लोक फोटोंपुढे थांबत नाहीत. म्हणजेच, येतात आणि चहाकडे जातात. तू त्यांना थांबव.”

थांबवाले मी एका पायावर तयार. जवळच्या बडनेऱ्याहून अकोल्याची सकाळची गाडी धरायची, अन् दिवसभर हॉलमंधी स्टुलावर उभं राहून फोटोतल्या लोकाईले आवाज द्यायचे.

फोटो खरंच भारी होते राजेहो. बैलगाड्याईची रांग एवढी लांब, का फोटोत मावली नाही. एक गाडीवान कापसाच्या ढिगावर तोंड उघडं टाकून झोपेल. त्याचं घोरणं मी तीन पट्ट्यात काढलं. एक न्हावी निंबाखाली दाढी करून राहिला होता, अन् गिऱ्हाईक गळ्यावर वस्तरा असून कॅमेऱ्याकडं पाहून हासून राहिलं होतं. दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवून राहिले होते. त्याईले मी चोरून हात धरणारं जोडपं करून टाकलं. लोक एकदम खूश.

अन् मंग तो फोटो. कापसाच्या डोंगरापुढं एका रांगेत नऊ बाया बसेल. केस पांढरेफक. भुवयाही पांढऱ्या. खाली सराची चिठ्ठी: ‘जिनमधील स्त्री कामगार’. मी म्हतलं, झालं, हे तं म्हाताऱ्याईचं संमेलन. नऊ म्हाताऱ्याईले नऊ आवाज दिले.

“अवं बाई, माहे गुडघे!”

“तुहे आहेत तरी. माहे कवाचेच गेले.”

“दात कुठी ठेवले माहे? कापसात पडले वाट्टे!”

भुवया पांढऱ्या काहून, असा प्रश्न मले पडला होता. मी त्याच्यावरही जोक केला. पावडर मापात लावाव म्हाताऱ्याईनं, असं काहीतरी. एका बाईचे तं हासता हासता डोळे वाहून राहिले होते. मी स्टुलावर थोडा अजून उंच झालो.

त्याच गर्दीत एक आजी होती. लहानशी, वाळलेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात धुकं. फोटोच्या एकदम जवळ नाक नेऊन पाहे, मंग मान हालवे. मले म्हणे, “पोट्ट्या, मले काही दिसून नाही राह्यलं. जिनातल्या बायाईचा फोटो आहे का?”

“आहे ना आजी. आत्ताच तं आयकला तुमी.”

“हेच? म्हाताऱ्याईचा?”

“एकच आहे बायाईचा. सगळ्या म्हाताऱ्या. नऊच्या नऊ.”

“मंग नाही,” आजी म्हणे. “एवढ्यासाठी जुन्या शहरातून आली मी. माही माय जिनात होती. तिचा एकबी फोटो नाही घरात. म्हतलं पाहून घ्यावं, डोळ्यात थोडकसा उजेड आहे तोवर. पण ते म्हातारी झालीच नाही. पंचिशीच्या आतच गेली.”

अन् ते गेली, हळूहळू, भितीले हात लावत. मले थोडंसं कसंतरी झालं. मंग पुढची गर्दी आली, अन् मी पुन्हा गुडघे काढले.

दुसऱ्या दिवशी एक काका आले. पांढरी टोपी, हातात छत्री. नऊ म्हाताऱ्याईचा अख्खा कार्यक्रम त्याईनं हासू न येऊ देता आयकला. संपल्यावर मले म्हणे, “कुठचा बे तू?”

“शेंदूरजनाघाट.”

“तरीच. संत्रेवाला. अबे, म्हाताऱ्या नोहेत त्या. पोरी आहेत. जिनात कापसाची रुई उडते. धा मिंट बसला का डोक्शावर, भुवयाईवर, पापण्याईवर सगळीकडं बसते. आमी तीस वर्सं जिनात काढले. रोज संध्याकाळी म्हातारे होऊन घरी जावो अन् आंघोळ करून जवान होवो.” छत्रीचं टोक त्याईनं फोटोजवळ नेलं. “हात पाह्य ना त्याईचे. म्हाताऱ्याईचे हात असे असतात का?”

मी टोकाच्या दोघी-तिघीईचे हात पाह्यले. दोन दिवसात पह्यल्यांदा पाह्यले. गोल, भरलेले, कोवळे हात. वर बर्फ पडल्यासारखे केस अन् खाली माह्या लहान बहिणीसारखे हात. दोन दिवस मी अठरा-वीस वर्साच्या पोरीईचे गुडघे दुखवून राहिलो होतो. हॉलमंधी लोक होते म्हणून, नाहीतं मी स्टुलासकट जमिनीत गेलो असतो.

अन् मंग आजी आठवली.

सराले सांगतलं. सरानं चष्मा वर ढकलला. “म्हणजेच, तू तिला तिच्या आईसमोरून परत पाठवलंस.”

‘म्हणजेच’ पह्यल्यांदा बरोबर जागी बसलं होतं. मी नक्कल केली नाही.

प्रदर्शनाचा एकच दिवस उरला होता. त्याच्या नंतर फोटो उतरून मुंबईले जाणार होते. आजीचं नाव मले माहीत नव्हतं. बोलण्यात जुन्या शहराचं नाव आलतं, एवढं आठवे. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून उतरलो तो सरळ मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात. पह्यल्याच पानठेल्यावर इचारलं, “एक आजी पाह्यजे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेली.”

पानवाला म्हणे, “या गल्लीत चार आहेत, पुढच्या गल्लीत सहा. कोणती देऊ?”

मंग माह्याजवळ जे एकच क्वालिफिकेशन आहे ते बाहेर काढलं. भर रस्त्यात वाकलो, भितीले हात लावत चाललो, मान एका बाजूले केली अन् आजीच्या आवाजात म्हतलं, “पोट्ट्या, मले काही दिसून नाही राह्यलं.”

पानवाल्यानं डोकं हालवलं. किराणेवाल्यानं हालवलं. शाळेत चाललेले दोन पोट्टे माह्या मागं लागले. तिसऱ्या गल्लीत पिठाच्या गिरणीपुढं मी पुन्हा चालून दाखवलं, तं रांगेतली एक बाई डबा खाली ठेवून एवढी हासली, का गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला.

“अजून एकदा करा,” बाई म्हणे.

मी केलं.

“अवो माय! हे तं माही सासू! चला, मी नेतो तुमाले. पण तिच्यापुढं करू नका. अन् केलं तं मले पाहू द्या.”

आजी वसरीत लसूण सोलून राह्यली होती. मी सगळं सांगतलं. माहं चुकलं, म्हाताऱ्या नोहेत, पोरी आहेत, रुई आहे डोक्शावर. आजीनं लसणाची पाकळी तशीच हातात धरली.

“हौ,” ते म्हणे. “रुई. मी काढो तिच्या केसातली. इहिरीजवळ बसे ते, अन् मी मागून वेचो. हे मी इसरली कशी?” मंग माह्याकडं तोंड करून म्हणे, “अन् तुले मायबापानं काही शिकवलं नाही का बे?”

“संत्रे शिकवले आजी.”

सून, आजी अन् मी, ऑटो करून हॉलवर गेलो. सरानं फोटो भितीवरून उतरवून आजीपुढं टेबलावर ठेवला. आजीनं पदरानं काच पुसली. मंग जवळ वाकली, बाजूनं पाह्यलं, दूर सरकली. काहीच नाही.

“ढगच दिसून राह्यले सगळे. तू सांग. आवाज नको काढू. काय आहे ते सांग.”

मी सांगू लागलो. पह्यलीचं नाक चापट. दुसरी लाजून खाली पाहून राह्यली. तिसरीच्या तोंडात पदराचं टोक. आवाज न काढता बोलणं एवढं अवघड असते, मले माहीत नव्हतं. दर वाक्याच्या शेवटी घसा आपोआप म्हातारा होऊ पाहे, अन् मी त्याले मांगं ओढो.

“तुमची माय दिसाले कशी होती आजी?”

सून जवळ नाही ना, याचा आजीनं कानोसा घेतला. सून न्हाव्याच्या फोटोपुढं उभी होती. मंग माहा कान धरून जवळ ओढला.

“तोंड मले आठवत नाही,” ते हळूच म्हणे. “सात वर्साची होती मी. कोणाले सांगजो नको.”

आता सांगतो, त्या घडीले मले काय वाटलं. वाटलं, फेकावं. पाचवीवर बोट ठेवावं अन् म्हणावं, आजी, हुबेहूब तुमच्यासारखं नाक. आवाज काढणाऱ्याले खोटं बोलाले कितीक येळ लागते? तोंड उघडलंही होतं. पण आजी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, ढगातून, अन् मले ते जमलं नाही. एवढंच जमलं नाही.

“मंग काय आठवते?”

“एका जागी बसे नाही. बोलता बोलता, झोपता झोपतासुद्धा तिचे हात चालूच राहत. बाप म्हणे, हे मेल्यावरही कापूस वेचन.”

मी पुन्हा फोटोत तोंड घातलं. आठ जणी कॅमेऱ्यासाठी हात थांबवून बसल्या होत्या. सातवीचे थांबले नव्हते. तोंड साफ, मान साफ, पण मनगटाच्या खाली दोनही हाताईच्या जागी धूर. मी सराले बोलावलं.

“हात हलले तिचे,” सर म्हणाले. “कॅमेरा हळू होता. जो हलला, तो पुसला गेला.”

मी आजीले जसंच्या तसं सांगतलं. सातव्या बाईचे हात फोटोत आलेच नाहीत आजी. फोटोवाल्यानं थांबा म्हतलं असन, हे थांबलीच नाही.

आजीनं माहं बोट धरलं अन् सातव्या बाईवर नेऊन ठेवलं. “हे?”

“हे.”

“तोंड कसं आहे?”

“गोल आहे. थोडी चिडेल दिसते. पांढऱ्या भुवया. पण पोरगीच आहे.”

“माह्यापेक्षा लहान,” आजी म्हणे, अन् काचेवर हात फिरवत राह्यली. सून आली, अन् तिनंही वाकून पाह्यलं.

फोटो पुन्हा भितीवर चढला, तं आजीनं माहं स्टूल मांगतलं. त्याच्यावर बसली, फोटोच्या बरोबर बाजूले, अन् संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी उभा. गर्दी आली, कोणीतरी म्हतलं, “चालू करा ना भाऊ, ते म्हाताऱ्यायचं.”

“म्हाताऱ्या नोहेत त्या!” आजी स्टुलावरून कडाडली. “पोरी आहेत. रुई आहे डोक्शावर. अन् हे सातवी माही माय. इच्या हाताकडं पाहा, दिसते का काही? नाही दिसत. काम करून राह्यली ते. अन् बाकीच्या आठ जणीईचे हात पाहा, कसे साफ दिसून राह्यले. कामचोर सगळ्या!”