मधुकर सरांचा गळा गेला नव्हता

आदरणीय मधुकर सरांची आणि माझी पहिली भेट एका जळलेल्या मोटरीमुळे झाली. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझे मोटर रिवायंडिंगचे दुकान आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. रिठदच्या शाळेतले एक शिक्षक आपल्या विहिरीवरची मोटर स्कूटरवर ठेवून घेऊन आले. मी दुसऱ्या मोटरीत तांब्याची तार भरत होतो आणि सवयीप्रमाणे सिनेमातले एक गाणे गुणगुणत होतो. शिक्षक बाकावर बसले ते उठेचनात. मला वाटले, मोटर आजच पाहिजे असेल. शेवटी म्हणाले, "तू जे गुणगुणून राह्यला ना, त्यात दोन्ही मध्यम लागतात. माहीत आहे काय तुले?"

"मले एक मध्यम माहीत नाई सर, दोन कुठून येतील?" मी म्हटले.

ते खदखदून हसले. "मंग रविवारी रिठदले ये," म्हणाले. मोटर न्यायला आठ दिवसांनी आले, मला मात्र त्या रविवारपासून कायमचे घेऊन गेले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे 'सरांच्या मायाळू स्वभावावर दोन पाने' मागितली. ती मी लिहीत आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. गेली बारा वर्षे आपल्या जिल्ह्यात सगळे मानून चालतात की, मधुकर सरांचा गळा उतारवयात गेला आणि म्हणून ते मागे उभे राहू लागले. हे खरे नाही. खरे काय ते मला माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

ज्यांनी आम्हाला ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या चमूचे नाव 'पाच गळे'. पाच गाणारे पुरुष, साथीला एक तबलजी आणि तानपुऱ्याची ती छोटी विजेवरची पेटी, बाकी वाद्य नाही. सर, वाशीमचे सलीमभाई, जे शिवणकाम करतात, अनसिंगचे दोन शेतकरी भाऊ आणि मी. सोयाबीनची सोंगणी आटोपली की आमची जीप निघते, ती जिल्हाभर फिरून उन्हाळ्यात थांबते. आम्ही काय गातो हे सांगणे अवघड आहे. ख्याल म्हणावा तर मध्येच भावगीत येते, भावगीत म्हणावे तर त्यातून तान निघते. शास्त्रीयवाले म्हणतात हे हलके, आणि हलके ऐकणारे म्हणतात हे जड. सरांना दोन्हींचा सारखाच आनंद.

अनसिंगच्या एका कार्यक्रमात सर यमन मांडत होते. दहा मिनिटांत मागून आवाज आला, "मास्तर, सिनेमातलं म्हणा ना काही!" आम्ही चौघे अस्वस्थ झालो. सर गाता गाता थांबले आणि शांतपणे म्हणाले, "तेच म्हणून राह्यलो, बापा. दम धर जरा." आणि त्याच आलापातून त्यांनी सगळ्यांच्या ओठावरचे एक जुने गाणे असे अलगद काढले की मैदान आपोआप गाऊ लागले. मग लोकांनाच गात ठेवून सर पुन्हा बंदिशीवर आले. ओरडणारा माणूस शेवटपर्यंत बसला होता. सर कोणाला अडाणी समजत नाहीत, हे मी त्यांच्याकडून शिकायचा प्रयत्न करतो. अजून जमलेले नाही. मला अशा लोकांचा राग येतो.

सर तसे कडकही आहेत. जीपमध्ये कोणी थंड बाटली उघडली तर ती खिडकीबाहेर रिकामी होते. चिंच, बोरे, दही यांवर कार्यक्रमाच्या आधी तीन दिवस बंदी. अनसिंगच्या धाकट्या भावाला त्यांनी एकदा बोरांसकट पकडले आणि चाळिशीच्या त्या गृहस्थाला सगळे खिसे उलटे करायला लावले. पण रमजानात दुपारी तालीम असली की सर पाण्याचा माठ आतल्या खोलीत नेऊन ठेवत. "सलीमभाईचा गळा कोरडा, तर आपलाही कोरडा. सूर जुळायले पाह्यजे," एवढेच म्हणत. सलीमभाई दर वर्षी सांगत, "सर, तुमी प्या हो, मले काही नाई होत." सर ऐकत नसत.

आता बारा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळकडे येतो. मालेगावात, माझ्या स्वतःच्या गावात, आमचा पहिलाच कार्यक्रम होता. माझे वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना माझे गाणे कधीच पटले नाही. गाणे म्हणजे दुकान बुडवायचे लक्षण, हे त्यांचे ठाम मत. त्या दिवशी ते आले होते ते केवळ मधुकर सर स्वतः घरी जाऊन बोलावून आले म्हणून.

तानपुऱ्याची पेटी सांभाळणे माझे काम. आदल्या दिवशी ती बंद पडली होती. मी ती दुकानात खोलली, आतली तार जोडली आणि पट्टी बदलायचे बटण परत बसवले. ते दोन खुणा पुढे बसले हे माझ्या लक्षात आले नाही. बटण 'काळी एक' दाखवत होते आणि पेटी 'काळी दोन'मध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा वरच्या पट्टीत, वाजत होती. तबलजींनी पेटी ऐकून तबला चढवला. आम्ही गायला बसलो. गळा जरा ओढला जातो आहे असे मला वाटले, पण मी समजलो, वडील समोर आहेत, छातीत धडधडत असेल.

सरांच्या त्या बंदिशीत शेवटी एक चढण आहे. त्या जागेसाठीच लोक यायचे. ती टाळता आली असती, पण सरांनी ती टाळली नाही. वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. सलीमभाईंनी चटकन तो सूर उचलून धरला, पण व्हायचे ते होऊन गेले होते. मैदानात एक हळहळ पसरली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर लोक बोलत होते, "मास्तरचा गळा गेला आता."

त्याच सकाळी मी पेटी एका ओळखीच्या हार्मोनियमशी ताडून पाहिली तेव्हा बटणाची चूक सापडली. तसाच रिठदला गेलो. सर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळे सांगितले.

"मले पह्यल्याच सुरात समजलं होतं," सर म्हणाले.

"मंग थांबले काहून नाई?"

"थांबून काय सांगतो? पेटी चुकीची लागली म्हणून? तुया बाप पुढं बसला होता. आयुष्यात पह्यल्यांदा तुयं गाणं आयकून राह्यला होता तो. त्याच्यासमोर तुले खोटं पाडू काय?"

मग त्यांनी मला हे कोणाजवळही बोलायचे नाही, अशी शपथ घातली.

पुढच्या हंगामात एका मोठ्या शहरातल्या आयोजकांनी आम्हाला बोलावले आणि अगदी नम्रपणे विचारले की, मुख्य आवाज दुसऱ्या कोणाचा ठेवता येईल का. सरांनी मला पुढे केले. "नाईतरी कोणीतरी पुढं याचंच होतं," म्हणाले आणि स्वतः मागे जाऊन खर्ज, म्हणजे खालचा आधाराचा सूर, धरू लागले. तेव्हापासून मी पुढे आहे. लोक हार घालतात ते मला. मला ती जागा माझ्या चुकीने मिळाली आहे.

मी बोललो नाही. सरांनी शपथ घातली होती हे खरे. ती शपथ मला सोयीची होती, हेही तितकेच खरे. सरांनी त्या दिवशी केले ते बरोबर होते का, याचा मी खूप विचार केला आहे. पाच मिनिटे थांबून तबला उतरवला असता तर मी घरी दोन दिवस बोलणी खाल्ली असती, एवढेच. एका शिष्याच्या लाजेसाठी त्यांनी आपला आवाज पणाला लावावा, हे मला अजूनही पटत नाही. पण ते तसेच आहेत, आणि त्याचा फायदा मीच घेतला.

गेल्या महिन्यात हा लेख लिहायला बसलो तेव्हा आधी वडिलांना सांगितले. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले, पेटी बिघडवल्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, "आन् तू बारा वर्सं काय करून राह्यला होता?"

म्हणून शपथ मोडून हे छापायला देत आहे. सरांना दाखवलेले नाही. दाखवले असते तर त्यांनी हा मजकूर काढायला लावला असता आणि मी मुकाट्याने काढला असता. ते रागावतील. त्यांच्या रागाची मला धास्ती आहे, पण तो मी सोसेन.

पंचाहत्तरीला आपण शंभरीच्या शुभेच्छा देतो. त्या मीही मनापासून देतो. सरांची प्रकृती ठणठणीत राहो आणि रिठदच्या त्या अंगणात रविवारी शिष्यांची गर्दी होत राहो. पण माझे मागणे थोडे वेगळे आहे. ज्या बारा वर्षांत सरांनी पुढे उभे राहून गायला हवे होते, ती मी त्यांना परत देऊ शकत नाही. आज त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढेल का, हेही मला माहीत नाही. तो चढायचे दिवस माझ्या गप्प बसण्यात गेले. म्हणून देवाजवळ एवढेच मागतो की, माझ्या वाट्याची वर्षे लागली तर लागोत, पण सरांना गाण्यासाठी आणखी बारा वर्षे मिळोत.

आणि सर, पंचाहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी पहिला सूर तुम्ही लावायचा. जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जाईल. खर्ज मी धरतो.