सांत्वनाची नक्कल

इस्पितळाच्या कपडेखात्यात फाटक्या चादरी शिवायला एक बाई होती. तिला सगळे फिरकीताई म्हणत. मशीनवर पाय चालायचे आणि तोंडाने कुणाची ना कुणाची नक्कल चालायची. मोठे डॉक्टर, मुख्य परिचारिका, कुणी सुटायचं नाही.

तिचा एक नियम होता. ज्याची नक्कल करायची त्याला ती आधी एकट्याला दाखवायची. तो हसला तरच चारचौघांत, नाहीतर विषय बंद. पाय ओढत चालणाऱ्या दरवानाला तिने त्याची चाल करून दाखवली, तेव्हा तो निरखून म्हणाला, "पाय चुकला तुझा. मी डावा ओढतो." त्यामुळे इतक्या वर्षांत तिचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं.

मग तिचे थोरले दीर गेले. थोरली जाऊ फिरकीताईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. फिरकीताई पाणी द्यायला, चपला नीट लावायला तिथेच असायची. फिरकीताईच्या समोरच्या काकू डोळे पुसता पुसता विचारायच्या, "हे पडदे कुठून आणले गं?" खालचे निवृत्त मास्तर सगळे रिपोर्ट मागवून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "माझ्या कानावर घालायला हवं होतं आधी." एक भाची तर अशी कोसळली, की जावेलाच उठून तिला पाणी पाजावं लागलं.

इमारतीच्या वार्षिक संमेलनात फिरकीताईने हेच करायचं ठरवलं.

"दुःखाची कसली नक्कल करतेस?" नवरा म्हणाला.

"दुःखाची नाही हो. दुःखाला भेटायला येणाऱ्यांची."

नियमाप्रमाणे ती एकेकाच्या घरी जाऊन आली. मास्तर खोकला लागेपर्यंत हसले. काकू म्हणाल्या, "मी अशी दिसते? मेले गं बाई मी!" जावेला मात्र तिने विचारलं नाही. तिची नक्कल नव्हतीच ना. तिच्या जागी एक रिकामी खुर्ची ठेवली होती, येणारे सगळे त्या खुर्चीशी बोलायचे. तळमजल्यावरच्या सभागृहात लोक पोट धरून हसले. टाळ्या जिना चढून वरच्या मजल्यापर्यंत गेल्या असणार.

 महिनाभराने फिरकीताई डबा घेऊन वर गेली, तर जाऊ दाराशेजारीच खुर्ची टाकून बसली होती.

"इथे का बसलात वहिनी?"

"बेल बिघडलीय का, बघत होते."

बेल चांगली होती.

"वहिनी, तुम्हाला राग आला का माझा?"

"राग कसला? मी असते तर मीही हसले असते. पण त्या दिवसापासून माझ्याकडे कुणी येत नाही. काकू जिन्यात दिसल्या की हातानेच 'बरं आहे ना' विचारतात आणि सटकतात." जावेने डबा मांडीवर घेतला. "त्यांनी पडद्यांचं चार वेळा विचारलं, मी चार वेळा सांगितलं. पडदे ह्यांनी निवडले होते गं. तेवढ्यापुरतं तरी ह्यांचं नाव घ्यायला मिळायचं. तू सगळ्यांना विचारलंस म्हणे. माझं काय जाणार होतं, ते कुणाला विचारलंस?"

 फिरकीताई तशीच खाली उतरली आणि काकूंचं दार वाजवलं.

"काकू, वर चला ना. वहिनी एकट्या आहेत."

"नको गं बाई. काय बोलू मी? तोंड उघडलं की तू केलेली मीच आठवते मला."

"काहीही बोला."

"काहीही बोलले, म्हणून तर तुझ्या तावडीत सापडले!"

"आता नाही करणार."

"करशील किंवा नाही करशील. मला ऐकू येतं ना आता माझंच बोलणं." काकूंनी तिच्याकडे बघितलं. "आणि तू गं? इतके दिवस तिथे होतीस. तू काय बोललीस तिच्याशी?"

फिरकीताईने आठवून पाहिलं. ती पाणी देत होती, चपला लावत होती, येणाऱ्यांचे हातवारे टिपत होती. जावेच्या शेजारी ती एकदाही बसली नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली.

 काकूंनी गॅस बंद केला आणि चपला न घालताच जिना चढू लागल्या.

वर दोघी समोरासमोर बसल्या. काकूंनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला, पदराशी चाळा केला. जाऊ वाट बघत होती. फिरकीताईच्या लक्षात आलं की काकूंची नजर आपल्यावरच खिळली आहे.

"मी चहा टाकते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. बाहेरून काकूंचा आवाज आला, अडखळत, चढत, मध्येच एक हुंदका गिळत. शब्द नीट कळत नव्हते, पण लकब कळत होती. तिचा कान आपोआप तिकडे वळला.

तिने नळ मोठा सोडला आणि आधीच धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले.